जुन्या फर्निचरला पॉलिश करण्याआधी...



दिवाळी किंवा घरातलं लग्न जवळ आलं की पॉलिशवाल्याला बोलावणं जातं. आजोबांची आरामखुर्ची, आजीचा पेटारा, माजघरातलं फडताळ दाखवून आपण सहज म्हणतो, "सगळं घासून नव्यासारखं करून टाका." आज या एका वाक्याचा विचार करू. पॉलिश कधीही करता येतं, पण घासून काढलेला जुना थर परत आणता येत नाही.

जुनं ते सगळं पुरातन का?

नाही. आपल्या देशातल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात अशा वस्तूंसाठी किमान १०० वर्षांची अट आहे. त्यामुळे १९७० नंतर केलेलं सागवानी कपाट जुनं असलं, तरी पुरातन नाही. त्याला खुशाल पॉलिश करा. प्रश्न येतो तो पणजोबांच्या काळातल्या वस्तूंचा.

वय कसं ओळखायचं?

पुढची बाजू पाहू नका, ती सजवलेली असते. मागची बाजू, तळ आणि खणाचा आतला भाग पाहा.

१. खणाच्या कोपऱ्यातले सांधे थोडे लहानमोठे असतील, तर ते हाताने कापलेले असण्याची शक्यता जास्त. सगळे अगदी एकसारखे असतील, तर बहुधा यंत्राचे.

२. तळाच्या फळीवरून बोटं फिरवा. हलके उंचवटे लागले तर तो हातरंध्याचा माग असू शकतो. करवतीच्या खुणा गोलाकार दिसल्या तर फळी यंत्रावरच्या गोल पात्याने कापलेली आहे.

३. चौफुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० नंतरच्या दशकांत रूढ झाले. मूळ स्क्रू तसे असतील तर वस्तू त्याआधीची नाही. पण दुरुस्तीत स्क्रू बदललेलेही असतात, म्हणून एकाच खुणेवरून निकाल देऊ नका.

४. गोल टेबल दोन्ही दिशांनी मोजा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने जास्त आकसतं, त्यामुळे जुनं टेबल किंचित लंबगोल झालेलं असू शकतं.

घासल्याने काय जातं?

वर्षानुवर्षं हात लागून आलेली झळाळी, हत्याराच्या खुणा, कुणी लिहिलेलं नाव किंवा आकडा. हाच तर त्या वस्तूचा पुरावा! जाणकार ग्राहकही मूळ थर असलेल्या वस्तूला सहसा जास्त किंमत देतो.

आणखी एक धोका आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा २०१७ पासून लागू झाली. म्हणून जुना रंगवलेला पाळणा किंवा खुर्ची मुलांच्या आसपास कोरड्या पॉलिशपेपरने घासू नका. ती धूळ मुलांच्या मेंदूला घातक असते.

मग करायचं काय?

आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मऊ कोरड्या फडक्याने पुसा. वाळवी किंवा लाकूड पोखरणारा किडा दिसला तर मात्र थांबू नका, उपचार लगेच करा. नंतर न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावा. थर चिकट झाला तर तो बहुधा लाखेच्या पॉलिशचा आहे. अशा वेळी पूर्ण घासायची गरज नसते. लाखेचा नवा पातळ हात जुन्या थरात मिसळून जातो. अनुभवी कारागिराला हे ठाऊक असतं. त्याला स्पष्ट सांगा, "घासू नका, फक्त उजाळा द्या."

आणि वस्तू मोडकळीला आली असेल, रोज वापरायची असेल, तर? मजबुती आधी. सैल सांधा जरूर बसवा, पण मूळ भाग फेकू नका.

मुलांसाठी उपक्रम

प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू निवडावी, ती मोजावी, तळाचं चित्र काढावं आणि घरातल्या मोठ्यांना तीन प्रश्न विचारावेत: ही कुणी आणली? कुठे बनली? हिच्यात काय बदललं? पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवता आलं तर फारच छान. अडकित्ते, दिवे, कोरीव दरवाजे अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंनीच ते संग्रहालय भरलेलं आहे. कुणीतरी त्या मोडीत जाऊ दिल्या नाहीत, म्हणून आज आपण त्या पाहतो.

शंका असेल तर थांबा. वर्षभर उशीर झाला म्हणून पेटाऱ्याचं काही बिघडत नाही, पण दुपारभराच्या घासण्याने शंभर वर्षं पुसली जातात.