मोबाइलवर पान नीट का दिसत नाही?

प्रश्न : मी नवीन जालन्यात राहतो. मोसंबीच्या भावांची वेबसाइट बनवतोय. लॅपटॉपवर छान दिसते. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी होतात आणि भावांचा तक्ता स्क्रीनबाहेर जातो. शिकायला सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी पानाच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टची ओळ आहे का, ते पाहा. ती नसली तर मोबाइलचा ब्राउझर पान साधारण 980 पिक्सेल रुंद आहे असं धरून सगळं आक्रसून दाखवतो. मग तक्त्याची पिक्सेलमध्ये ठरवलेली रुंदी काढा आणि त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो दिलेल्या डिव्हमध्ये ठेवा. तक्ता तेवढा आडवा सरकेल, पान जागेवर राहील.

पडद्याच्या आकारानुसार बदलणाऱ्या अशा मांडणीला रिस्पॉन्सिव्ह डिझाइन म्हणतात. वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी 2010 साली ही पद्धत मांडली, तेव्हा लवचीक ग्रिड, लवचीक चित्रं आणि मीडिया क्वेरी हे तिचे तीन आधार होते. आजही याच क्रमाने शिका. माझा आग्रह एवढाच, की मांडणी आधी मोबाइलसाठी करा आणि मिन-विड्थ वापरून मोठ्या पडद्याकडे जा. शेतकरी भाव मोबाइलवरच बघणार ना!

देवनागरीसाठी लाइन-हाइट 1.6च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. वेब डॉट डेव्हवर रिस्पॉन्सिव्ह डिझाइनचा मोफत अभ्यासक्रम आहे. शेवटची तपासणी मात्र घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, भर उन्हात करा.