आपलं माणूस परक्या मैदानात पडतं तेव्हा

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 12, श्लोक 13



आजचा श्लोक भक्तियोगातला. भगवंत अर्जुनाला सांगतात, मला प्रिय असणारा भक्त कसा असतो. तो कोणाचाही द्वेष करत नाही. सगळ्यांशी मैत्रीने वागतो. करुणेने भरलेला असतो. त्याला 'माझं माझं' नसतं, 'मी मी' नसतं. सुखात आणि दुःखात तो सारखाच असतो, आणि तो क्षमा करतो.

वाचताना सगळं पटतं. पण यातल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. एकीकडे करुणा, दुसरीकडे निर्ममता, म्हणजे 'माझं' हा भाव नसणं. आपला अनुभव तर उलटा असतो. जे माझं असतं त्याच्यासाठीच जीव तुटतो. माझ्या आईला ताप आला की झोप लागत नाही. दहाव्या मजल्यावरच्या काकूंना ताप आला तर 'काळजी घ्या' एवढा मेसेज जातो. मग 'माझं' काढून टाकलं तर करुणा उरेल तरी का?

हा प्रश्न पुस्तकी नाही. आज तो आपण एका वेगळ्याच ठिकाणी तपासून बघू. आपल्यातले कितीतरी जण शनिवारी-रविवारी रात्री जागून प्रीमियर लीग बघतात, म्हणून उदाहरण फुटबॉलचं घेतलंय.

कार्डिफचा पोरगा

वेल्सची राजधानी कार्डिफ. तिच्या उत्तरेला केअरफिली नावाचं गाव आहे. तिथला ॲरन रॅम्सी लहानपणापासून कार्डिफ सिटी क्लबच्या अकॅडमीत खेळला. एप्रिल 2007 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो पहिल्या संघाकडून मैदानात उतरला आणि क्लबचा सगळ्यात लहान खेळाडू ठरला. पुढच्याच वर्षी, 17 मे 2008 ला, कार्डिफ वेम्बलीवर एफए कपची फायनल खेळलं. पोर्ट्समथने 1-0 ने हरवलं, पण बदली खेळाडू म्हणून उतरलेला हा सतरा वर्षांचा मुलगा सगळ्यांच्या लक्षात राहिला.

मग जे होतं तेच झालं. क्लब कर्जात होता, मोठे क्लब मागे लागले होते, आणि त्याच उन्हाळ्यात सुमारे 50 लाख पौंडांना तो लंडनच्या आर्सेनलकडे गेला.

आपल्याकडे लेक सासरी जाते तेव्हा माहेरच्यांना जे वाटतं, साधारण तसंच छोट्या क्लबच्या चाहत्यांना वाटतं. अभिमान असतो, हुरहुर असते, थोडा रागही असतो. आणि पाठवणी झाली तरी लक्ष तिकडेच लागलेलं असतं. आता तो दुसऱ्याचा शर्ट घालतो, दुसरेच लोक त्याच्या नावाने ओरडतात, तरी स्कोअर बघताना डोळे त्याचं नाव शोधतात.

27 फेब्रुवारी 2010. आर्सेनलचा सामना स्टोक सिटीच्या मैदानावर होता. स्कोअर 1-1. दुसऱ्या हाफमध्ये स्टोकच्या रायन शॉक्रॉसने टॅकल केला आणि रॅम्सीच्या उजव्या पायाची, गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. जवळ उभ्या असलेल्या खेळाडूंना ते बघवेना. रॅम्सी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. शॉक्रॉसला लाल कार्ड मिळालं, आणि तोही रडत बाहेर गेला. आर्सेनलने शेवटच्या मिनिटांत दोन गोल करून सामना 3-1 जिंकला, पण त्या विजयाची चव कोणालाच लागली नसणार.

आता कार्डिफच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. हा सामना त्याच्या क्लबचा नाही. जिंकलं काय, हरलं काय, त्याला फरक पडत नाही. डॉक्टर आर्सेनलचे, निर्णय आर्सेनलचे. त्याच्या हातात काहीच नाही. तरी पोटात कालवतं, कारण ते पोरगं शाळकरी असल्यापासून डोळ्यासमोर वाढलेलं. 'इथेच राहिला असता तर?' हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर नसतं, पण तो येतो.

माया वाईट नाही

इथे एक गोष्ट आधी स्पष्ट करूया. 'माझं' म्हणून जीव तुटणं हे पाप नाही. गीता आपल्याला दगड व्हायला सांगत नाही. वारकऱ्यांनी तर पंढरीलाच माहेर म्हटलं आणि विठ्ठलाला माऊली. नात्यातूनच प्रेम कळतं.

आणि कार्डिफच्या चाहत्याच्या दुःखात एक सुंदर गोष्ट आहे. रॅम्सीकडून त्याला आता काहीच मिळणार नाही. ना गोल, ना पॉइंट. तरीही तो काळजी करतो. म्हणजे 'माझ्या उपयोगाचा' हा धागा तुटलाय आणि माया तेवढी उरलीय. निर्ममतेची पहिली पायरी अशीच असते. मूठ सोडलीय, पण प्रेम सोडलेलं नाही.

कोणी टीम बदलली, शहर सोडलं, ऑफिस सोडलं, आपल्या ग्रुपमधून बाहेर पडलं, तर त्याच्या वाईट बातमीवर आपल्या मनात काय येतं? 'अरेरे' येतं, की 'गेला होता ना आम्हाला सोडून' येतं? स्वतःलाच तपासायला ही जागा चांगली आहे.

पण ममतेला दुसरं टोकही असतं

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. स्टोकमध्ये पुढे काय झालं ते बघा.

शॉक्रॉस हा त्यांचा माणूस. बावीस वर्षांचा. मुद्दाम केलं नाही, असं त्याने सांगितलं. त्याच संध्याकाळी त्याचं नाव इंग्लंडच्या संघात जाहीर झालं. आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर भयंकर चिडले होते. दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी 2008 मध्ये, त्यांच्या एदुआर्दोचा पाय बर्मिंगहॅममध्ये असाच मोडला होता. आर्सेनलच्या चाहत्यांनी शॉक्रॉसला खलनायक केलं. मग स्टोकचे लोक आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहिले, ते समजू शकतं. पण पुढची कितीतरी वर्षं रॅम्सी त्यांच्या मैदानावर आला की त्याची हुर्यो उडवली जायची. ज्याचा पाय मोडला, त्याचीच हुर्यो!

हे लोक राक्षस होते का? नाही हो. कामधंदा करणारे, पोराबाळांना घेऊन मॅचला येणारे साधे लोक. त्यांचं शॉक्रॉसवर प्रेम होतं, एवढंच. कार्डिफच्या माणसाला रडवणारी आणि स्टोकच्या माणसाला हुर्यो करायला लावणारी गोष्ट एकच आहे : 'आपला'. तीच ममता एकीकडे पाझरते आणि दुसरीकडे दात दाखवते.

म्हणूनच श्लोकाचा क्रम बघण्यासारखा आहे. भगवंतांनी सुरुवात द्वेष नसण्यापासून केली आणि शेवट क्षमेवर केला. करुणा आणि निर्ममता मध्ये आहेत. अद्वेषाशिवाय केलेली करुणा अर्धीच असते, कारण ती आपल्या बाजूच्या जखमेपुरतीच उरते.

ज्ञानेश्वर माऊलींनी याच श्लोकावर पाण्याचा दाखला दिलाय. गाय प्यायला आली तर तहान भागवायची आणि वाघ आला तर विष होऊन त्याला मारायचं, असं पाणी कधी करत नाही. याच अध्यायात पुढे दिव्याचा दाखला येतो. घरच्यांना उजेड द्यायचा आणि परक्यांसाठी अंधार पाडायचा, हे दिव्याला ठाऊकच नसतं. करुणा करायची तर अशी. ती समोरच्याचा शर्ट बघून सुरू किंवा बंद होत नाही.

आणि 'आपला-परका' ही रेघ किती पुसट असते बघा. शॉक्रॉस जन्मला इंग्लंडमधल्या चेस्टरला, पण वाढला वेल्समधल्या बकली गावात. म्हणजे पाय मोडलेला मुलगा वेल्सचा आणि ज्याच्या टॅकलने मोडला तोही वेल्समध्येच लहानाचा मोठा झालेला. त्या दिवशी मैदानातून रडत बाहेर गेलेल्या त्या मुलासाठी आपल्याला थोडंसं तरी वाटलं पाहिजे. चूक चूकच राहते, लाल कार्ड योग्यच होतं. क्षमा म्हणजे लाल कार्ड खिशात ठेवणं नाही. शिक्षा झाल्यावरही मनात शिक्षा देत न राहणं, ही क्षमा.

बाणांची उशी

मग दुसऱ्याच्या दुखापतीच्या वेळी भक्ताने करायचं काय? महाभारतात एक प्रसंग आहे.

भीष्म रणात पडले तेव्हा दोन्ही बाजूंनी शस्त्रं खाली ठेवली. कौरव आले, पांडवही आले. भीष्म शरपंजरी होते, डोकं मात्र लोंबकळत होतं. त्यांनी उशी मागितली. राजेलोकांनी मऊ मऊ उशा आणल्या. भीष्मांनी त्या नाकारल्या आणि अर्जुनाकडे पाहिलं. अर्जुनाला कळलं. त्याने तीन बाण मारून त्या वीराला साजेशी उशी केली. मग भीष्म तृप्त झाले.

मऊ उशा आणणाऱ्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण त्यांनी आपल्याला काय द्यावंसं वाटतं ते दिलं. अर्जुनाने पडलेल्या माणसाला काय हवंय ते ओळखलं. सहानुभूती आणि सेवा यांच्यातलं अंतर एवढंच आहे.

आपण आज काय करतो? कोणी पडलं की तो क्षण पुन्हा पुन्हा बघतो. रील पुढे पाठवतो. दोन रडक्या इमोजी टाकतो आणि लगेच टॅकल करणाऱ्याच्या आईबापांचा उद्धार सुरू. यातलं एकही जखमी माणसाच्या उपयोगाचं नाही. त्याच्या घरच्यांनाही त्याच फोनवर ती रील दिसत असते, हे आपल्या लक्षातही येत नाही.

माहेरपण

रॅम्सीला काय हवं होतं? हाडं जुळल्यावर त्याला खेळायला हवं होतं. पाय पुन्हा टॅकलमध्ये घालायची भीती मोडायला हवी होती. नऊ महिन्यांनी, नोव्हेंबर 2010 मध्ये, आर्सेनलने त्याला खालच्या डिव्हिजनमधल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे लोनवर पाठवलं. आणि जानेवारी 2011 मध्ये तो लोनवर आला तो थेट कार्डिफला!

बाळंतपणाला, आजारपणाला लेक माहेरी येते, तसंच हे. थोडेच दिवस, थोडेच सामने. तो परत जाणार हे क्लबलाही ठाऊक होतं आणि चाहत्यांनाही. त्यांनी त्याला कायमचं मागितलं नाही. निर्ममता ही अशी दिसते. दार उघडं असतं, ताट वाढलेलं असतं, आणि निघायची वेळ झाली की कोणी हात धरून ठेवत नाही.

त्याच मार्चमध्ये गॅरी स्पीड यांनी त्याला वेल्सचा कॅप्टन केलं. वय वीस. पहिलाच सामना इंग्लंडविरुद्ध, कार्डिफमध्येच. वेल्स 0-2 ने हरलं. पण पाय मोडून अजून तेरा-चौदा महिनेही झाले नव्हते, आणि तो पोरगा आपल्या गावाजवळच्या स्टेडियममध्ये देशाच्या संघापुढे चालत आला. हे सुख कार्डिफच्या माणसाचं होतं. कारण दुःखही त्याने आपलं मानलं होतं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. 17 मे 2014, पुन्हा वेम्बली, पुन्हा एफए कपची फायनल. ज्या तारखेला सहा वर्षांपूर्वी तो कार्डिफकडून हरला होता, त्याच तारखेला जादा वेळेत त्याने आर्सेनलसाठी विजयी गोल केला. आणि 2023 मध्ये तो पुन्हा कार्डिफकडे खेळायला आला.

पण मंडळी, शेवट गोड झाला म्हणून करुणा बरोबर ठरली, असं नाही. प्रत्येक मोडलेला पाय पुन्हा वेम्बलीवर धावत नाही. काहींचा खेळ तिथेच संपतो. गोल झाला नसता तरी त्या रात्री कार्डिफमध्ये कोणी केलेली प्रार्थना वाया गेली नसती. भगवंत आपल्याला निकालावरून प्रिय मानत नाहीत. सुखदुःखात समान राहणं म्हणजे हेच. काय होतंय ते बघून प्रेम कमी-जास्त करायचं नाही.

आज एवढं करूया

1. आपल्याला सोडून गेलेल्या एका माणसाची आठवण काढा. जुना मित्र, जुना सहकारी, भजनी मंडळातून दुसरीकडे गेलेलं कोणी. आज त्याच्या भल्यासाठी एक माळ जप करा. त्याला सांगायची गरज नाही.

2. कोणाच्या अपघाताचा किंवा दुखापतीचा व्हिडिओ समोर आला तर तो पुढे पाठवू नका. त्याऐवजी एकदा नाम घ्या.

3. ओळखीचं कोणी आजारी असेल तर 'काही लागलं तर सांग' म्हणून सोडून देऊ नका. काय लागतंय ते तुम्हीच ओळखा. डबा, औषधं, तासभर सोबत, किंवा नुसतंच शांत बसणं.

4. ज्याचा राग येतो अशा 'समोरच्या टीम'मधल्या एका माणसाचं नाव आजच्या प्रार्थनेत घ्या. हे जड जाईल. जड जातंय म्हणूनच करायचं.

मनाशी विचारूया

माझी करुणा कोणाच्या नावापाशी येऊन थांबते? तिथे ती का थांबते?

प्रार्थना

विठ्ठला, जे माझे आहेत त्यांच्यावर प्रेम करायला तूच शिकवलंस. आता तेच प्रेम माझ्या कुंपणापलीकडे जाऊ दे. जो पडला त्याच्यासाठी माझे हात उपयोगी पडू देत, आणि ज्याच्यामुळे तो पडला त्याच्यासाठी माझ्या मनात विष नको. जो दूर गेला तो जिथे असेल तिथे सुखात राहू दे, आणि दमून परत आला तर माझं दार उघडं असू दे.

राम कृष्ण हरी!