सद्योव्रण आणि जंतुनाशके : शोधन कोठवर?

खरचटणे, विळीने कापणे, चप्पल लागून कातडी सोलणे अशा किरकोळ जखमांचा रुग्ण दवाखान्यात येतो तो बहुधा काहीतरी लावूनच. औषधाच्या दुकानातून आणलेले जंतुनाशक तो तीव्रता व कालावधी यांचा विचार न करता वापरत असतो.

सुश्रुताचार्यांनी व्रणाचे साठ उपक्रम सांगताना शोधन व रोपण वेगळे मानले; शुद्ध आणि रुह्यमान व्रणाची लक्षणेही स्वतंत्र दिली. या दृष्टीने रासायनिक जंतुनाशक हे तीक्ष्ण शोधन द्रव्य होय. जंतू व शरीरपेशी असा भेद ते करीत नाही. पहिल्या महायुद्धातील जखमांचा अभ्यास करून अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी, जंतुनाशकाने जंतूंआधी श्वेतपेशीच नष्ट होतात, असे १९१९ मध्ये मांडले होते. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड फायब्रोब्लास्ट पेशींना मारक असल्याचे प्रयोगशाळेतही दिसले आहे. फेस आला म्हणजे जखम स्वच्छ झाली, हा समज मीही व्यवसायाच्या आरंभीची काही वर्षे बाळगला होता.

तो सुटला एका ऊसतोड कामगारामुळे. नडगीवर कोयत्याची उथळ जखम. माझ्याच सांगण्यावरून तो बारा दिवस रोज पेरॉक्साइड ओतत होता. पू नाही, दुर्गंधी नाही, परंतु कडा पांढुरक्या व अंकुर नाहीत. व्रण शुद्ध होता, शोधन मात्र चालूच होते! ते थांबवून उकळून गार केलेल्या पाण्याने प्रक्षालन व जात्यादि घृताची पट्टी सुरू केली. नऊ दिवसांत व्रण भरला.

ताज्या किरकोळ जखमेस प्रथम वाहत्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुणे हेच मुख्य कर्म. माती, खडे निघाले पाहिजेत. मळकट जखमेस पोव्हिडोन आयोडीन एकदा लावण्यास हरकत नाही. स्पिरिट उघड्या जखमेवर नकोच. धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम किरकोळ समजू नये.

मात्र रसायनांना नावे ठेवून स्वयंपाकघरातील डब्यातली हळद जखमेत भरणे हेही शास्त्र नव्हे. ती निर्जंतुक नसते.

श्वानदंश हा स्पष्ट अपवाद. तेथे साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि रुग्णास तत्काळ रेबीजच्या लसीसाठी पाठवावे. हळद, चुना, तेल, आपले जात्यादिसुद्धा, लावू नये.

औषधविक्रेत्यांना एक विनंती. क्लोरोझायलेनॉलची बाटली देताना पाण्यात मिसळण्याचे प्रमाण ग्राहकास वाचून दाखवावे. न मिसळता लावल्याने भाजल्यासारखी झालेली त्वचा आम्हांस अधूनमधून पाहावी लागते.