टक आवाज करणारी स्प्रिंग

प्रश्न : आयबीएमचे जुने कीबोर्ड लोक हौसेने जमवतात, दुरुस्त करतात आणि आता काहींनी ते नव्याने बनवायलाही घेतले आहेत, असे कळले. आत म्हणे एक साधी स्प्रिंग असते. पेटंट संपल्यावर ती कोणालाही बनवता यायला हवी. मग एवढा खटाटोप कशासाठी?

उत्तर : स्प्रिंग साधी आहे, हे खरेच. गंमत आहे ती तिच्याकडून काम कसे करून घेतले आहे त्यात. प्लास्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून हळूहळू दाबून पाहा. बराच वेळ ती ताठ राहते आणि एका क्षणी फटकन बाजूला वाकते. या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली नळीत उभी असलेली स्प्रिंग नेमके हेच करते. वाकताना ती नळीच्या भिंतीवर आपटते, तो 'टक' आवाज. त्याच झटक्यात तिच्या तळाशी असलेली छोटी पट्टी कलते आणि अक्षर उमटते.

आवाजासाठी आत वेगळा काही भाग बसवला असावा, असा अनेकांचा समज असतो. तसे काहीही नाही. बोटाला झटका जाणवणे, कानाला आवाज येणे आणि अक्षराची नोंद होणे या तिन्ही गोष्टी एकाच हालचालीतून घडतात. म्हणून बटण तळापर्यंत दाबण्याआधीच अक्षर लागल्याची खात्री पटते. जमवणाऱ्यांना याचेच वेड आहे, आणि मला ते अगदी रास्त वाटते.

रिचर्ड हंटर हॅरिस यांच्या या कल्पनेला १९७८ मध्ये पेटंट मिळाले. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या 'मॉडेल एफ' कीबोर्डात तळाची पट्टी कोणत्याही तारेला टेकत नाही. ती हलली की सर्किट बोर्डावरची विद्युत धारिता किंचित बदलते आणि तेवढा बदल मोजला जातो. धातूचा संपर्कच नसल्याने संपर्कबिंदू गंजण्याचा प्रश्न उरत नाही. पुढे खर्च कमी करण्यासाठी १९८५ च्या सुमारास 'मॉडेल एम' आले. स्प्रिंग तीच, पण खाली सर्किट बोर्डाऐवजी प्लास्टिकचे पातळ थर. दोन्ही एकच समजू नयेत. जाणकार पहिल्याला अधिक मानतात.

आता पेटंटकडे वळू. त्याची मुदत केव्हाच संपली. अडते ते साच्यांपाशी. नळीचे माप जरा चुकले तर स्प्रिंग वाकण्याऐवजी घासते आणि तो स्वच्छ झटका हरवतो. त्यातून 'मॉडेल एफ'चा मोजायचा बदल इतका सूक्ष्म, की पट्टी, बोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक्स एकमेकांशी जुळवावे लागतात. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे युनिकॉम्प ही कंपनी १९९६ पासून 'मॉडेल एम'च्या घराण्यातले कीबोर्ड बनवते आहे, कारण जुनी यंत्रसामग्री तिच्याकडे आली. 'मॉडेल एफ'ला तो वारसा मिळाला नाही. हौशी मंडळींना जुने नमुने उघडून, मोजून, सगळे साचे नव्याने घडवावे लागले. माझ्या मते खरे कौतुक या कामाचे आहे.

"जुने ते कधी बिघडत नाही" हाही एक गैरसमज. 'मॉडेल एफ'च्या आतल्या फोमचा कालांतराने भुगा होतो. आतले भाग हा फोमच घट्ट धरून ठेवत असल्यामुळे नळ्या सैल पडतात आणि काही बटणे लागेनाशी होतात. नवा फोम घातला की काम होते. 'मॉडेल एम'मध्ये पातळ थर आणि पोलादी पत्रा एकत्र धरणारे प्लास्टिकचे बारीक रिव्हेट तुटतात. दुरुस्त करणारे तिथे भोके पाडून छोटे नट-बोल्ट बसवतात. काढलेली बटणे परत बसवतानाही एक युक्ती आहे. कीबोर्ड असा उभा धरायचा, की स्पेसबारची बाजू वर येईल. म्हणजे तळाच्या पट्ट्या योग्य जागी कलून राहतात. नाहीतर बटण बसते, पण 'टक' येत नाही.

असा कीबोर्ड मिळाला तर आणखी एक ध्यानात ठेवा. पीसीच्या सुरुवातीच्या काळातला 'मॉडेल एफ' नुसती पिन बदलून आजच्या संगणकाला चालत नाही. तो संगणकाशी वेगळ्याच भाषेत बोलतो. मधे छोटा मायक्रोकंट्रोलर असलेला कन्व्हर्टर लावला, तर चाळीस वर्षांपूर्वीचा कीबोर्डही यूएसबीवर सुरळीत चालतो.