धोरणकल्पनांचा प्रवास : पाटण्याच्या घरपट्टीचा धडा

भारतातील बहुतेक शहरांची घरपट्टी दीर्घकाळ एका पेचात सापडलेली होती. कर आकारला जाई तो घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर, म्हणजे ते घर भाड्याने दिल्यास वाजवीपणे किती भाडे येईल या अंदाजावर. अंदाज करणारा करनिरीक्षक आणि तो मान्य करणारा घरमालक यांच्यात घासाघीस ठरलेलीच असे. त्यातच भाडेनियंत्रण कायद्यांनी भाडी गोठवली होती. दिवाण दौलत राय कपूर विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका समिती या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये असा निर्णय दिला की, करासाठी धरावयाचे भाडेमूल्य प्रमाण भाड्याहून अधिक असू शकत नाही. जमिनीचे भाव चढत गेले, कराचा पाया मात्र जागचा हलला नाही. पाया वाढवता येईना म्हणून दर चढे ठेवावे लागले आणि दर चढे असल्याने मूल्य लपविणे अधिकच किफायतशीर ठरले.

या पेचातून वाट काढली ती पाटण्याने, ही बाब अनेकांना अनपेक्षित वाटेल. सुधारणांची चर्चा करताना सहसा ज्या शहरांची नावे घेतली जातात, त्यांत पाटणा नसते. तेथील महानगरपालिकेसाठी १९९३ मध्ये नवे नियम करण्यात आले. त्यांनी भाड्याचा अंदाज बाजूला ठेवला आणि तीन निकष निश्चित केले : इमारत कोणत्या प्रकारच्या रस्त्यावर आहे, तिचा वापर कशासाठी होतो आणि तिचे बांधकाम कोणत्या प्रकारचे आहे. प्रत्येक गटासाठी प्रति चौरस फूट दर जाहीर झाला. क्षेत्रफळाला त्या दराने गुणले की वार्षिक मूल्य मिळे. त्याचबरोबर कराचा दर ४३.७५ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आणण्यात आला. केवळ उदाहरणादाखल, १,००० चौरस फुटांच्या घराला प्रति चौरस फूट १० रुपये दर लागू असेल, तर वार्षिक मूल्य १०,००० रुपये आणि कर ९०० रुपये होईल. हा हिशेब घरमालकास स्वतः करता येतो. सूत्राचे खरे सामर्थ्य यातच होते, कारण निरीक्षकाच्या मर्जीला त्यात फारसा वाव उरत नव्हता.

उच्च न्यायालयात हे नियम टिकले नाहीत. परंतु १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. इतर शहरांच्या दृष्टीने हा निर्णय मूळ नियमांइतकाच महत्त्वाचा होता. एखादी नवी पद्धत स्वीकारताना प्रशासनाला सर्वांत मोठी धास्ती असते ती ती न्यायालयात रद्द होण्याची. पाटण्याने ही जोखीम स्वतः पत्करली आणि मागाहून येणाऱ्यांची वाट मोकळी केली. बंगळूरने २००० मध्ये स्वयंमूल्यांकनाची ऐच्छिक योजना आणली. अहमदाबादने २००१ मध्ये क्षेत्रफळाधारित पद्धत स्वीकारताना स्थान व वापर यांच्या जोडीला इमारतीचे वय आणि मालक राहतो की भाडेकरू, हे घटकही धरले. दिल्लीत २००४ पासून वसाहतींचे आठ वर्ग पाडून एकक क्षेत्रमूल्य पद्धत लागू झाली. मुंबईने त्याच प्रश्नाला निराळे उत्तर शोधले आणि २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आकारण्यास आरंभ केला.

धोरणप्रसाराच्या अभ्यासात अशा प्रवासाची चार कारणे सांगितली जातात : दुसऱ्याच्या अनुभवातून शिकणे, शेजाऱ्याशी स्पर्धा, निव्वळ अनुकरण आणि वरून येणारी सक्ती किंवा आमिष. परीक्षार्थींनी ही चार नावे पाठ करण्यापेक्षा त्यांतील भेद ओळखणे अधिक हिताचे. अहमदाबादने सूत्रात घातलेली भर हे शिकण्याचे लक्षण आहे. केवळ नक्कल करणारे शहर सूत्राला हात लावत नाही. चौथ्या कारणाचे ठळक उदाहरण म्हणजे डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान. त्यात मालमत्ता करातील सुधारणा ही केंद्रीय निधी मिळविण्याची एक अट होती. पुढे पंधराव्या वित्त आयोगानेही नागरी अनुदानांसाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची आणि वसुलीतील वाढ राज्याच्या उत्पन्नवाढीशी जोडण्याची अट घातली.

अटीमुळे कल्पना वेगाने पसरते, पण ती रुजतेच असे नाही. अधिसूचना निघते, अनुदान मिळते आणि मालमत्तांची नोंदवही पूर्वीइतकीच अपुरी राहते. नोंदीतच नसलेल्या इमारतीवर कोणतेही सूत्र कर बसवू शकत नाही. शिवाय जाहीर दर ठराविक काळाने सुधारले नाहीत, तर नवे सूत्रही जुन्या गोठलेल्या भाड्यासारखेच निरुपयोगी होते. दर वाढविण्याचा ठराव सभागृहात मांडावयाचा असतो आणि निवडणूक जवळ आली की तो मांडण्यास कोणी धजावत नाही. गणिताचे सूत्र उचलता येते, हे धाडस उचलून आणता येत नाही.

कल्पनेचे नाव घेऊन तिचे अवयव मागे ठेवण्याचा प्रकार वाहतुकीच्या क्षेत्रातही घडला. कोलंबियातील बोगोटा शहराने २००० मध्ये सुरू केलेल्या जलद बससेवेत स्वतंत्र मार्गिका, बसच्या उंचीइतके फलाट आणि बसमध्ये चढण्यापूर्वीच भाडेवसुली यांची एकत्र गुंफण होती. अहमदाबादच्या २००९ मधील 'जनमार्ग'ने ही गुंफण बऱ्याच अंशी जपली. दिल्लीने २००८ मध्ये प्रामुख्याने मार्गिका आखली आणि तीत नेहमीच्याच बसगाड्या सोडल्या. मोटारचालकांचा रोष वाढत गेला व २०१६ मध्ये तो मार्ग काढून टाकण्यात आला.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, नागरी संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय नमूद झाले. मात्र कोणता कर, कोणत्या मर्यादेत व कोणत्या पद्धतीने आकारावयाचा, हे आजही राज्य विधिमंडळाच्या कायद्यानेच ठरते. त्यामुळे भारतात एका शहराची कल्पना दुसऱ्या शहरात पोहोचताना बहुधा राज्याच्या राजधानीतून जाते. पाटण्याचे नियम हेही राज्य शासनाच्या संमतीचेच फळ होते. शेजारच्या शहरातील चांगली पद्धत आयुक्तांना पटली, नगरसेवकांनाही पटली, तरी अधिनियमात दुरुस्ती होईपर्यंत ती फाइलीतच थांबून राहते.