अपत्यप्राप्तीच्या उपचारांतील मनस्ताप आणि योगाभ्यास

आपल्या जामसांवली क्षेत्री पिंपळाखाली निजलेल्या हनुमंतरायांपुढे जी गाऱ्हाणी येतात, त्यांत अपत्याचे गाऱ्हाणे फार जुने आहे. तीर्थरूप बाबांच्या हाताखाली पूजेचे साहित्य मांडताना मी अशी जोडपी लहानपणापासून पाहत आलो. मंगळवारी-शनिवारी ती येतात, नारळ ठेवतात, बराच वेळ काही न बोलता बसतात आणि जातात. अलीकडे एवढाच फरक पडला आहे की, नारळाच्या पिशवीतच नागपूरच्या दवाखान्याची फाईल असते. साठ-सत्तर किलोमीटरचा प्रवास करून तपासणीस जावयाचे आणि परतताना दर्शन घ्यावयाचे, असा अनेकांचा क्रम झाला आहे.

ह्या विषयावर लिहिण्याचा अधिकार मजकडे नाही, हे प्रथमच सांगतो. मी वैद्य नव्हे आणि योगाचार्यही नव्हे. शिक्षण शाळेपुरतेच झाले. परंतु माझ्या हातून एक चूक घडली आणि तीमुळेच मला थोडे वाचावे व जाणत्यांस विचारावे लागले. ती हकीकत वहिनींच्या संमतीने येथे देत आहे.

आमच्या दादा-वहिनींच्या विवाहास सात वर्षे झाली. गेल्या वर्षी त्यांनी आयव्हीएफ, म्हणजे ज्यास लोक टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार म्हणतात, तो घेण्याचे ठरविले. मला योगाची आवड, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "वहिनी, चाळीस दिवस नेमाने प्राणायाम करा, मन शांत ठेवा, मग यश येणारच." वहिनींनी एकही दिवस चुकविला नाही. चाळीस दिवसांनंतर रक्ताची तपासणी झाली आणि उत्तर नकाराचे आले. त्या सायंकाळी तुळशीपाशी दिवा लावून आत येताना त्यांनी मला विचारले, "भाऊजी, माझं कुठं चुकलं? मन शांत ठेवायला मला जमलं नाही, म्हणून का असं झालं?"

मजजवळ उत्तर नव्हते. आशा देतो असे समजून मी त्यांच्या डोक्यावर एक नवीन ओझे ठेवले होते. शेजारच्या बाया "टेन्शन घेऊ नको, आपोआप होईल" म्हणतात, तेच मी संस्कृत शब्दांत सांगितले होते, इतकेच.

पुढे जे कळले ते असे. मनाच्या ताणाचा ह्या उपचाराच्या फळाशी कितपत संबंध आहे, ह्याचा शोध विद्वानांनी घेतला आहे. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नल ह्या नियतकालिकात 14 निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र विचार प्रसिद्ध झाला. त्यांत 3583 स्त्रिया होत्या. उपचारापूर्वी ज्या अधिक चिंताक्रांत होत्या आणि ज्या नव्हत्या, त्यांच्या यशापयशात त्या चिंतेने फरक पडल्याचे दिसले नाही. हे वाचल्यावर मी प्रथम वहिनींकडे गेलो. फळ मिळणे न मिळणे हे मुख्यतः स्त्रीचे वय, स्त्रीबीजाचा व पुरुषबीजाचा कस आणि तयार झालेल्या गर्भाची जडणघडण ह्यांवर अवलंबून असते. जगभरचा हिशेब पाहिला तर निम्म्याहून अधिक फेऱ्यांत मूल होत नाही. रडल्यामुळे, झोप न लागल्यामुळे किंवा प्राणायामाचा एक दिवस चुकल्यामुळे गर्भ राहिला नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्यास आधार नाही.

मग योग करावयाचाच कशासाठी? अपत्याची हमी म्हणून करू नये. उपचाराचे जे दोन-तीन महिने जावयाचे आहेत, ते माणसाला सुसह्य व्हावेत, ह्यासाठी करावा. कॅनडात उपचाराची वाट पाहणाऱ्या स्त्रियांस सहा आठवडे हठयोग शिकविला गेला. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांची चिंता व खिन्नता कमी झाल्याचे आढळले. लाभ आहे तो इतका, आणि माझ्या मते तो थोडा नाही.

आपल्या महाराष्ट्रात ह्या दोन्ही वाटा एकाच इमारतीपर्यंत येऊन पोचल्या आहेत, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या 47 रुग्णांस शवासन शिकविले. त्यांपैकी अनेकांचा दाब उतरला आणि काहींच्या औषधाची मात्रा कमी करता आली. हा वृत्तान्त 1969 साली प्रसिद्ध झाला. त्याच के. ई. एम. मध्ये 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने मुंबईतील पहिले टेस्ट ट्यूब बालक, एक कन्या, जन्मास आली. त्यापूर्वी 1978 साली इंग्लंडात जुलैमध्ये आणि कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय ह्यांच्या हातून ऑक्टोबरमध्ये असे जन्म झाले होतेच. दात्यांचा प्रयोग रक्तदाबाचा होता, अपत्याचा नव्हे, हे ध्यानात असावे. परंतु निश्चल पडून राहण्याने शरीरावर मोजता येण्याजोगा परिणाम होतो, एवढे त्यावरून कळते.

आता अभ्यासाकडे वळू. ह्या उपचारात शरीराची स्थिती आठवड्या-आठवड्याला पालटते, म्हणून आसनेही पालटावी लागतात. हे न जाणता केलेला योग अपाय करील. आपल्या डॉक्टरांस विचारल्यावाचून काहीही आरंभू नये.

उपचारापूर्वीच्या काळात प्रकृती निकोप असेल तर नित्याची सौम्य आसने चालतात. ताडासन, मार्जारासन, भद्रासन, झेपेल तितके वज्रासन आणि शेवटी शवासन, इतके पुरे.

पुढे इंजेक्शने सुरू होतात. साधारण दहा-बारा दिवस ती रोज घ्यावी लागतात. एरवी महिन्यास एक स्त्रीबीज पिकते. औषधाने अनेक एकदम पिकविली जातात, त्यामुळे अंडाशय फुगून जड होतात. अशा वेळी कमरेस पीळ दिला, उडी मारली किंवा पोटावर जोर आला, तर अंडाशय आपल्या देठाभोवती पिळला जाण्याचे भय असते. मग तातडीची शस्त्रक्रियाही करावी लागते. तेव्हा ह्या दिवसांत वक्रासन, अर्धमत्स्येंद्रासन, धनुरासन, भुजंगासन, सर्वांगासन, शीर्षासन, तसेच उड्डियान, नौली, कपालभाती व भस्त्रिका ही सर्व बंद ठेवावीत. सूर्यनमस्कारही नकोत. दूरदर्शनवर पाहून कपालभाती करणाऱ्या भगिनी आपल्या गावात पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले. पोट एकाएकी तीव्र दुखू लागले, फार फुगले, धाप लागली किंवा लघवी कमी झाली, तर आसन-प्राणायामाचा विचारच करू नये. तत्काळ दवाखाना गाठावा.

ह्या काळासाठी खरे साधन म्हणजे श्वास. भिंतीला पाठ टेकून किंवा खुर्चीवर ताठ बसावे. चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजेपर्यंत सोडावा; कुंभक करू नये. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणे लांबविले की शरीर हळूहळू सैल होते. ह्यात गूढ काही नाही. इंजेक्शनाच्या आधी पाच मिनिटे, सोनोग्राफीसाठी बाकावर ताटकळताना आणि बसमधून परतताना हे कोणाच्याही नजरेस न येता करता येते. वहिनींस अनुलोम-विलोमापेक्षा हेच सोपे वाटले. भ्रामरीही चांगली, मात्र ती घरी करावी.

स्त्रीबीजे काढण्याच्या दिवशी भूल देतात. त्यानंतरचे काही दिवस केवळ विश्रांती घ्यावी आणि शवासन करावे. सतरंजीवर उताणे निजावे, डोक्याखाली पातळ उशी आणि गुडघ्यांखाली घडी केलेली चादर घ्यावी. पायांत हातभर अंतर, तळहात वर, डोळे मिटलेले. पायाच्या बोटांपासून लक्ष हळूहळू वर आणीत प्रत्येक भाग श्वास सोडताना सैल टाकावा. जबडा आणि कपाळ ह्यांस विसरू नये. ताण तेथेच लपून बसतो. मन भटकले तर रागावू नये, पुन्हा श्वासाकडे आणावे. पंधरा-वीस मिनिटांनी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. पतंजलींनी आसन कसे असावे हे सांगताना स्थैर्याबरोबर सुखही मागितले आहे. ज्यात दुखते ते आसन ह्या काळात आपले नव्हे.

गर्भ आत सोडल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी रक्ततपासणी होते. हे दिवस फार कठीण जातात. आपल्याकडे अशा सुनेस पलंगावरून उतरू देत नाहीत. परंतु सक्तीने निजून राहिल्याने गर्भ अधिक टिकतो असे आढळलेले नाही. हलके चालणे, घरातील साधे काम चालते. डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर मात्र त्यांचेच ऐकावे. ह्या दिवसांत निर्जळी उपवास धरू नयेत. नवस बोललाच असेल तर तो फेडण्यास पुढे वेळ आहे. कोणी दिलेली जडीबुटी डॉक्टरांस न सांगता घेऊ नये.

आणखी एक गोष्ट पुरुषवर्गासाठी. मूल न होण्यात सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणासह असते. वीर्यतपासणी सोपी व स्वस्त, तरी तीच सर्वांत शेवटी होते! दशरथ राजाने पुत्रकामेष्टीचा संकल्प स्वतः केला होता; राण्यांस पुढे करून तो मागे राहिला असे आपण कथेत कधी ऐकले नाही. यजमानांनी तपासणीसही जावे आणि शवासनासही शेजारी निजावे. त्यांसही ताण असतो. बोलण्याची रीत नाही इतकेच.

मन फारच खचले, आठवडे-आठवडे झोप नाही, जगण्याचा वीट आला, तर तेवढ्यावर योग पुरत नाही. टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 ह्या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य मिळते आणि आपल्या भाषेत बोलता येते. शिकण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी नागपुरास रामनगरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे. तेथे योग विनामूल्य शिकवितात. गेल्यावर आपला उपचार चालू आहे हे शिक्षकांस आधीच सांगावे, म्हणजे ते योग्य तेवढेच करवितील.

वहिनींची दुसरी फेरी दिवाळीनंतर आहे. ह्या खेपेस मी दिवस मोजून दिले नाहीत आणि कसलेही वचन दिले नाही. सायंकाळची आरती झाल्यावर माडीवर दोन सतरंज्या पडतात, एक वहिनींची आणि एक दादांची. त्यांतून काय मिळते, असे मी परवा विचारले. वहिनी म्हणाल्या, "तेवढा वेळ मला कोणी काही विचारत नाही, भाऊजी."