तबकडीवरचा एक दिवस

गेल्या महिन्यात रोज रात्री एक जुनी ध्वनिमुद्रिका ऐकण्याचा नेम मी केला होता. आता या तबकड्या मोबाइलवरही मिळतात. त्यांत मनात घर करून राहिली ती १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार. विषय काश्मीरमधील मेंढपाळाचा एक दिवस. सकाळी अहिरभैरव, सायंकाळी भूप, पुढे देस, अखेरीस पहाडी. राग वेळेशी बांधलेला असतो, हे पुस्तकी वाक्य येथे कानाला पटते.

संतूर हे मूळचे काश्मीरच्या सूफियाना संगीतातले वाद्य. कलमांच्या आघाताने ते वाजते, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणारी मींड त्यावर अवघड; आणि रागसंगीताचा तर ती प्राण! शर्मांनी कलमे तारांवर हलकेच थरथरवून स्वर लांबवला. काब्रांची गिटार मांडीवर आडवी. तिच्यात मींडच मींड. (गिटार म्हटले की आपल्याला सिनेमातला नायकच आठवतो.) दोन्ही वाद्ये शेजारी ऐकावीत, म्हणजे मींड काय ते व्याख्येवाचून समजते.

सुटीत वडिलांना ती ऐकवली. रागाचे नाव त्यांना ठाऊक नाही, पण भूप लागताच म्हणाले, "हे दिवेलागणीचं दिसतंय." लताबाईंचे, खळ्यांच्या चालीतले 'अभंग तुकयाचे' मात्र त्यांनी अर्ध्यावरच थांबवले. "चाल ग्वाड हाय," ते म्हणाले, "पर यात मागं म्हणायला आपल्याला जागा कुठं हाय?"